आवाज बंद ठेवून पाहिलेले विनोदी सिनेमे

मराठवाड्यातून आल्यावर आमचं घर म्हणजे भाईंदरच्या खारी गावातली भाड्याची एक खोली. पप्पा काशीमीऱ्याच्या एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन. सकाळी घरी यायचे, चहा-चपाती खायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. त्याच खोलीत आईचा स्वयंपाक, माझा आणि धाकट्या भावाचा अभ्यास, आणि टीव्ही. पप्पांची झोप मोडली तर रात्री ड्युटीवर डुलकी लागणार, आणि ती सुपरवायझरने पाहिली की नोकरी जाणार. त्यामुळे आमचा टीव्ही दिवसा मुका असायचा.

सुट्टीच्या दुपारी आम्ही तिघांनी विनोदी सिनेमे असेच पाहिले. आई पडद्यावरच्या माणसांच्या तोंडी आपलेच संवाद घालायची, कुजबुजत. "बघ, ही आता म्हणतीय, जावई आलाय अन् घरात साखर न्हाई." आम्ही टॉवेलचं टोक तोंडात कोंबून हसायचो. ज्याच्या तोंडून आवाज फुटेल त्याने बाहेर गॅलरीत जाऊन हसून यायचं, असा नियम होता. मी आणि भाऊ सारखे बाहेर. आई कधीच नाही. ती पदर तोंडावर दाबायची आणि तिचे नुसते खांदे हलायचे.

शेजारच्या गुजराती काकींनी एकदा दारातून विचारलं, "क्या भाभी, टीवी का आवाज बिगड गया?"

"टीवी बरोबर है," आई म्हणाली. "आदमी सोयेला है."

एकदा गॅलरीत हसत उभी असताना माझ्या लक्षात आलं, की आईचं हसणं मी कधी ऐकलेलंच नाही. फक्त पाहिलंय. ते एकदा ऐकायचं, हे तेव्हाच मनात धरलं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी लाजत नाही. कॉलेजातल्या मैत्रिणींबरोबर पहिल्यांदा मल्टिप्लेक्सला गेले आणि अख्खं थिएटर एकदम हसलं, तेव्हा मी दचकून मागे पाहिलं. एवढी माणसं एवढ्या मोठ्याने हसतायत आणि कोणी कोणाला गप्प करत नाही! अंगावर काटा आला. तेव्हापासून जे वेड लागलं ते लागलंच. नोकरी लागल्यावर तर एकही विनोदी सिनेमा सोडला नाही, मराठी असो की हिंदी.

माझी परीक्षा मात्र जुनीच. घरी मोबाइलवर नवा सिनेमा लावला की मध्येच आवाज बंद करून बघते. हल्लीचे बरेचसे इथेच आपटतात. चार जण हॉलमध्ये उभे राहून भराभरा तोंडं हलवतायत, एवढंच उरतं. काहींना तर विनोद झाल्यावर ढँणकन वाजवून सांगावं लागतं, हसा आता. भुताचे विनोदी सिनेमे सध्या खूप आलेत. त्यांत मला भूतच बरं वाटतं, कारण ते कमी बोलतं. जाड्या माणसाला पाडून हसवणारे मला अजिबात चालत नाहीत. पण अधूनमधून एखादा असा येतो की मी थक्क होते. नट नुसता दारात थबकतो, चप्पल काढू की नको अशा पेचात, आणि त्याचं सगळं घर, सगळी ऐपत, सगळी भीती कळते. वर हसूही येतं. हे लोक कसं करतात, मला खरंच कळत नाही.

गेल्या वर्षी पप्पा रिटायर झाले. मग मी घरच्यांना मीरा रोडला एका नव्या मराठी सिनेमाला नेलं. मी तो आधी एकटीने पाहून पारखून ठेवला होता. आईचं हे पहिलंच थिएटर.

दिवे गेले आणि एसीच्या गारव्यात पप्पा बघता बघता झोपले. झालं! आईने ते पाहिलं आणि पदर तोंडावर. पुढच्या रांगेतला एक जण खो खो हसला, तर हिने त्याच्या पाठीकडे बघून डोळे वटारले. मला चिमटा काढून म्हणाली, "हळू. तुझे पप्पा झोपलेत."

"अगं आई, थिएटर आहे हे!"

"म्हणून काय झालं?"

भाऊ म्हणाला, "जाऊ का बाहेर, हसून येतो?"

मध्यंतरात पप्पांनी समोसा खाल्ला आणि पुन्हा झोपले. आईचे खांदेच हलत होते. मला वाटलं, तिचं हसणं ऐकायचं आजही राहिलं.

मग तो प्रसंग आला. सांत्वनाला आलेला एक गृहस्थ प्लास्टिकच्या खुर्चीत बसलाय. खुर्चीचा एक पाय हळूहळू वाकतोय. समोर रडारड चाललेली, त्याला उठताही येत नाही, सांगताही येत नाही. तो तिरका तिरका होत जातो, चेहरा मात्र तसाच गंभीर. संवाद नाही, संगीत नाही. थेट आमच्या खोलीतली दुपार. आणि त्या शांततेत माझ्या शेजारून आवाज फुटला.

जाडाभरडा, उघडा, थांबता थांबेना असा. पदर मांडीवर पडलेला. थिएटर आधी खुर्चीला हसलं, मग आईच्या हसण्याला हसलं. मी पडद्याकडे बघायचंच विसरले. इतकी वर्षं हे सगळं तिने कुठे ठेवलं होतं?

पप्पा दचकून जागे झाले. "काय झालं? कोण हसलं?"

"मी," आई डोळे पुसत म्हणाली. "झोपा तुम्ही."

पप्पा तिच्याकडे बघतच राहिले. "असं हसतीस व्हय तू?"

नंतर ते झोपले नाहीत. सिनेमाही त्यांनी फारसा पाहिला नाही, मान तिच्याकडेच.

भाईंदरला आता आमचं स्वतःचं दोन खोल्यांचं घर आहे. मध्ये दार आहे. दुपारी टीव्ही आवाजासकट लागतो, आणि आई मोठ्याने हसते.