सोमवारी घारापुरीला

देवाच्या अनुभवाबद्दल लिहायला माणूस अधिकारी लागतो. मी तसा नाही. माझा नेमाचा जप नाही, कोणा गुरूंचा अनुग्रह नाही, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला, त्यामुळे लिहिण्याची सवयही परीक्षेपुरतीच. तरी धीर करून लिहितो आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. अनुभव खरं तर माझ्या आत्याचा आहे. मी फक्त बोटीची व्यवस्था बघणारा होतो, आणि तीही मला धड जमली नाही.

माझं गाव वणीच्या पुढे. बारावीनंतर नाशिकला आलो तो सातपूरला आत्याकडेच राहिलो. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, कारखान्यात शिफ्टला जायचे. दोघांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्या दीड खोलीतलं सगळं कौतुक माझ्या वाट्याला आलं. माझ्या डब्यात आत्या एक भाकरी जास्त घालायची आणि संध्याकाळी विचारायची, "कुणाला दिली? तूच खाल्ली ना?" त्या वर्षी दिवाळीनंतर तिला फार रक्तस्राव होऊ लागला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की गर्भाशयात मोठी गाठ आहे, पिशवी काढावी लागेल, आणि गाठ कसली आहे ते काढून तपासल्यावरच कळेल. त्यांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला नाही, पण मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. मामांनी ती चार घड्या घालून वरच्या खिशात ठेवली.

इस्पितळाने मंगळवारी भरती व्हायला सांगितलं. आत्या मात्र तयार होईना. ती रडली नाही, भांडलीही नाही. भांडी घासता घासता एवढंच म्हणाली, "रिकामी राहिली तरी माझीच हाय ना ती. देवानं दिलेलं देवाला विचारल्याबिगर कसं देऊ?" तिचा देव म्हणजे भिंतीवरचा तीन मुखांचा महादेव, घारापुरीच्या लेण्यातला. लग्न होऊन आली तेव्हा ते चित्र एका कॅलेंडरवर होतं. साल संपलं, तारखा फाटल्या, पण चित्र तिने काढू दिलं नाही. रोज संध्याकाळी त्याला दिवा. मामा चिडवायचे, "त्र्यंबकेश्वर इथं हाकेवर, आन् हिचा महादेव समुद्रात!" त्यावर तिचं उत्तर ठरलेलं असे, "तिथल्याला लय लोक हायेत. हा एकटा बसलाय पाण्यात."

आधी त्याला भेटायचं, मग इस्पितळ, असं ठरलं आणि सहलीची आखणी माझ्याकडे आली. मामा म्हणाले, "तू शिकलेला, तुला ठाऊक." मला काहीच ठाऊक नव्हतं, समुद्र मी पाहिलेला नव्हता. पण मी मन लावून चौकशी केली. मुंबईला जाऊन आलेल्या वर्गमित्रांना विचारलं, ग्रंथालयात नकाशा पाहिला, सीबीएस बसस्थानकाजवळच्या ट्रॅव्हल्सवाल्याला गाठलं. बोट कुठल्या धक्क्यावरून सुटते, किती वेळ लागतो, लेण्यापर्यंत पायऱ्या किती, आजारी माणसाला डोली मिळते का, बोट लागू नये म्हणून काय द्यावं, सगळं विचारून घेतलं. लिंबं आणि आवळासुपारी आणून ठेवली. मामा म्हणत होते रविवारीच जाऊ, हाताशी एक दिवस राहील. मीच अडून बसलो. महादेवाच्या दर्शनाला जायचं तर सोमवारच हवा, दुसरा वार कसा चालेल? आत्याला ते इतकं पटलं की तिने माझी दृष्ट काढली.

सोमवारी सकाळी आम्ही गेटवेच्या धक्क्यावर उभे होतो. आत्याच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेली बेलाची पानं होती. लाँचच्या तिकीटखिडक्या बंद होत्या. एका फुगेवाल्याने सांगितलं, "आज सोमवार. लेणी बंद असतात. आज फेरी नसते." आमच्याकडे महादेवाच्या कुठल्याही देवळात सोमवारी उभं राहायला जागा नसते, महादेवाचं दार नेमकं सोमवारी बंद असेल हे विचारायचं माझ्या मनातच आलं नव्हतं. मला तोंड लपवावंसं वाटलं. आत्या खाली कठड्याला टेकून बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती हळूच म्हणाली, "नको म्हणतोय तो. चला परत." परत म्हणजे नाशिकला, हे मला आणि मामांना दोघांना कळलं.

तेवढ्यात शेजारी पिशव्या मोजत बसलेल्या एका बाईने विचारलं, "कुठून आलाव गो बाय?" ती त्या बेटावरच्याच गावातली होती. एरवी ती लेण्याच्या वाटेवर माळा विकायची. सोमवारी सुट्टी म्हणून माल न्यायला मुंबईत आली होती. सगळं ऐकून ती आधी खळखळून हसली. "अगो, त्याला पण एक दिवस निजू दे की! चला माझ्यासंगं, गावची होडी हाय." आम्ही ओशाळून नको नको म्हणत असतानाच तिने होडीत उभं राहून आत्याला मनगटाला धरून वर ओढून घेतलं, भरल्या पोत्यासारखं. वाटेत बोट कुणालाच लागली नाही, एकट्या मला लागली. मामांनी लिंबू पुढे केलं. "घ्या, बंदोबस्त चोख हाय तुमचा." आत्या पदर तोंडाला लावून हसत होती. कित्येक दिवसांनी हसत होती.

लेण्याच्या पायऱ्यांकडे आम्ही गेलोच नाही. त्या बाईच्या घरामागे वडाखाली एक साधी पिंड होती, गावाची. "हा आमचा रोजचा," ती म्हणाली. आत्याने बेल वाहिला आणि बराच वेळ डोळे मिटून बसली. मग त्या दोघी पडवीत चहा घेत बसल्या. मी पायरीवर होतो, ऐकू येत होतं. आत्या कशासाठी आली आहे हे कळल्यावर ती बाई आवाज न चढवता म्हणाली, "माझी पण काढली. गाठच होती. मी पण लय रडले, वाटलं बाईपण गेलं. आता बघ, माळा विकते, पाणी भरते. तुला होडीत ओढली कुणी? पिशवीनं?"  परतताना होडीत आत्याने मामांना विचारलं, "उद्या किती वाजता जायचं हाय?"

दुसऱ्या दिवशी ती भरती झाली आणि शस्त्रक्रिया पार पडली. मामा तिच्याजवळ राहिले, मी सत्रपरीक्षेसाठी सातपूरला आलो. गाठीचा अहवाल यायचा होता. त्या दिवसांत संध्याकाळचा दिवा मी लावत होतो. काय मागावं ते सुचायचं नाही. मी रविवार धरला असता तर आम्ही लाँचने गेलो असतो, लेणं पाहिलं असतं, आणि ती बाई तिच्या माळांपाशी गर्दीत राहिली असती. याला कृपा म्हणावं की योगायोग, हे ठरवण्याइतका मी मोठा नाही. एवढंच उमगलं की माझी हुशारी जिथे कमी पडली तिथे कुणीतरी आधीच उभं होतं. म्हणून मी मागणं सोडून दिलं. दिवा लावायचा, "तुझ्यावर सोपवलंय" म्हणायचं, आणि अभ्यासाला बसायचं. त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं. तिच्यासाठीही हात जोडायचो.

आमच्या गल्लीत फोन फक्त किराणावाल्या काकांकडे होता. एका दुपारी त्यांचा आवाज आला, "मुंबईहून फोन!" मी अनवाणीच धावलो. मामा पलीकडून ओरडून बोलत होते, जणू तारेशिवायच आवाज पोचवायचा आहे. "आत्या विचारतेय, पोरगं जेवतंय का? भाकऱ्या जमतात का तुला?"

"मामा, अहवालाचं काय?"

"आँ? अरे, तेच तर सांगतोय! ती आधी जेवणाचंच विचार म्हणाली." मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "साधी गाठ हाय रे. कॅन्सर नाय."