कचाची कविता

दिवेआगरच्या शाळेत सरोजिनीबाईंनी हयातभर मराठी शिकवलं. कविता वाचून झाली की त्या मुलांना विचारायच्या, "या कवितेत कोण नाही?" मुलं बुचकळ्यात पडायची.

त्यांचा मुलगा सलिल चक्रीवादळानंतरच्या वर्षी कॅनडाला गेला. सुपारीच्या वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, इथे राहून करायचं काय? तिकडून तो फोनवर कविता पाठवायचा. गेल्या दिवाळीत वाचनालय चालवणाऱ्या मैथिलीने तिथल्या कार्यक्रमासाठी त्यातली एक निवडली आणि बाईंनाच अर्थ सांगायला बसवलं. परमुलखात संजीवनी शिकायला गेलेल्या कचाची कविता होती ती. शेवट असा होता:

"तिसऱ्या खेपेला जाळलं, तेव्हा कच म्हणाला,
बरं झालं, आता थंडी वाजत नाही."

लोक हसले. मैथिली म्हणाली, "काय जिद्द आहे! कच शेवटी विद्या घेऊनच परततो ना, बाई?"

"परततो," बाई म्हणाल्या. "पण दर वेळी देवयानी बापापाशी हट्ट धरते, म्हणून तो जिवंत होतो. इथे देवयानी..." त्या थांबल्या. कागद खाली ठेवला आणि चप्पल घालून तडक घरी आल्या.

सलिलने फोन उचलला.

"सलिल, बरा आहेस ना?"

"आई, कवितेचा अर्थ लाव. माझा नको लावूस."

"परत ये."

"येऊन काय करू? नव्या पोफळी अजून धरल्यात का?"

त्याने फोन ठेवला. मग बाईंनी तिकडे त्याच्याच खोलीत राहणाऱ्या रोह्याच्या शुभमला फोनवर गाठलं. तो आधी टाळत होता, मग घडाघडा बोलला. सलिलच्या तिथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली होती, काम कधीचंच सुटलं होतं. तो पडदे उघडत नव्हता, कुणी वाढलं तर दोन घास खायचा. "काकी, मीच कळवणार होतो. त्याने शपथ घातली होती."

शुभमने आणि इतर मुलांनीच त्याला विमानात बसवलं. मुंबईला उतरला तेव्हा बाईंनी त्याला आधी ओळखलंच नाही.

आता अलिबागच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. तो वाडीला पाणी लावतो, कुणी "परत कधी निघणार?" विचारलं की आत जातो. लिहिणं बंद आहे.

एकदा जेवताना बाईंनी भीत भीत विचारलं, "ती कविता... इतकी निराश का रे लिहिलीस?"

"निराश नव्हती ती," सलिल म्हणाला. "मला वाटलं, तू वाचलीस की तुला कळेल. म्हणून तर पावसाळ्यातच तुला पाठवली होती. तू शुद्धलेखनाच्या दोन चुका दाखवल्यास आणि 'छान' म्हणालीस."

त्याने ताट उचललं आणि मोरीवर नेऊन ठेवलं.