बयादरचा कान

अम्मानच्या बयादर भागात गाडीचा आवाज सुधारून घ्यायचा म्हटलं की कोणी दुकानाचं नाव विचारत नसे. ‘अबू मिस्बाहकडे ने’ म्हणत, संपलं. त्याचं खरं नाव अदीब. पण तिथे माणसाला मुलाच्या नावाने ‘अबू अमुक’, म्हणजे अमक्याचा बाप, अशी हाक मारतात, आणि मुलगा नसला तर त्या जागी त्याच्याच बापाचं नाव लावतात, म्हणून तो अबू मिस्बाह. बायको चार वर्षांपूर्वी गेली. एक मुलगी, शहला, औषधांच्या दुकानात कामाला जाणारी. आणि दुकानात भागीदार म्हणून बायकोचाच धाकटा भाऊ, कुतैबा. एवढाच काय तो गोतावळा.

पेट्रोलच्या गाड्या होत्या तोवर या धंद्यात कोणीही खपून जाई. इंजिनाच्या घरघरीखाली शंभर पापं झाकली जात. मग विजेच्या गाड्या आल्या, आधी अमेरिकेत वापरून झालेल्या, नंतर चीनमधल्या कोऱ्या करकरीत, आणि भल्याभल्यांची भंबेरी उडाली. गाडी चालू आहे की बंद तेच कळू नये इतकी शांतता. त्या शांततेत दारामधला एक सैल चिमटासुद्धा बोलायला लागतो, आणि कंपनीने बसवलेले स्पीकर किती फाटक्या गळ्याचे आहेत ते पहिल्याच गाण्याला उघडं पडतं. आवाज वाढवावा, तर कंपनीचा अँप्लिफायर घाबरून खालचा ठेकाच कापून टाकतो.

बाकीचे कारागीर काय करत, तर तो अँप्लिफायर उपटून फेकत आणि आपला बसवत. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बोंबलत परत. गाडी मागे घेताना वाजणारी पिपाणी गेली, सीटचा पट्टा लावा म्हणणारी टिकटिक गेली. जाणारच. त्या गाड्यांत सगळे आवाज त्याच एका डब्यातून निघतात. अबू मिस्बाह तो डबा जागच्या जागी ठेवी, त्याच्या पुढून तार काढी, कंपनीने जे कापलंय ते पुन्हा जोडून देई, दारांना आतून रबरी चादर लाटून चिकटवी. सगळं झालं की मागच्या सीटवर बसून डोळे मिटी, एक तळवा दारावर. ‘डावीकडचा वरचा सूर जरा उतरव. अजून. झालं.’ त्याने ‘झालं’ म्हटलं की ती गाडी झाली. गाड्या आणणारे मोठे व्यापारी ड्रायव्हरला बजावून पाठवत, की अबू मिस्बाहच्या तोंडून ‘झालं’ ऐकल्याशिवाय माघारी येऊ नकोस.

इतका मान मिळाला की माणसाची जीभ सैल सुटते. याची तर मुळातच तिखट. आणि ती चालायची कुतैबावर. कुतैबा बिचारा माइक आणि लॅपटॉप लावून आवाज मोजायचा, पडद्यावर रेघा बघायचा. अबू मिस्बाह भरल्या दुकानात त्याला म्हणायचा, "तुला कान नाहीत रे, डोक्याला दोन भोकं आहेत, वारा खेळायला." गिऱ्हाइकं हसायची. कुतैबाही हसायचा. अकरा वर्षं हसला. अकरा वर्षं एकच विनोद ऐकून जो माणूस हसतो, त्याच्यापासून जपून राहावं, पण हे त्या शहाण्याला सांगणार कोण?

आणि यातली खरी गोम पुढेच आहे. अबू मिस्बाहचे कान गेले होते.

एकदम नाही गेले. तीस वर्षं लग्नाच्या वरातींच्या गाड्यांत डोकं घालून काढली, त्याची किंमत हळूहळू मोजावी लागली. आधी चिमण्या गेल्या. मग घड्याळ. मग गाणाऱ्या बायकांच्या आवाजाची वरची धार. सहा वर्षं झाली होती. समोर बसून कोणी बोललं तर ओठ बघून तो भागवून नेई, पाठमोऱ्या माणसाचं त्याला काही कळत नसे. ठेका मात्र तळव्याला कळे. मग काय, तो दारावर तळवा ठेवी, आरशातून गिऱ्हाइकाचा चेहरा न्याहाळी, भुवई जरा आक्रसली की म्हणे, ‘वरचं उतरव.’ चेहरा सुटला की म्हणे, ‘झालं.’ सहा वर्षं त्याने माणसांची तोंडं वाचून गाड्या पास केल्या, आणि एकही गाडी परत आली नाही. कारण मागाहून कुतैबा गुपचूप माइक लावून सगळं ठीक करत होता. हे अबू मिस्बाहला ठाऊक नव्हतं.

घरी शहलाला सगळं ठाऊक होतं. बापाशी बोलायचं म्हणजे ओरडायचं. मीठ हवंय का, हे विचारायला ती इतकी ओरडे की खालच्या मजल्यावरचे लोक समजत, बापलेकीचं पटत नाही. कानाचं मशीन घे म्हणून ती किती वर्षं मागे लागली होती. तो ऐकूनच घेत नसे. "बयादरचा कान म्हणतात मला," तो म्हणे, "कानात मशीन घालून बसू? त्यापेक्षा पुरून टाक मला."

एका गुरुवारी दुपारी एक पांढरी चिनी गाडी तयार झाली. मालक यायला वेळ होता. कुतैबाने शेजारच्या तिघांना बोलावून घेतलं, काचांना फिल्म लावणारा, सीट शिवणारा आणि बॅटरीवाला. म्हणाला, जरा उभे राहा, गंमत आहे. मग त्याने दारांतल्या आणि डॅशवरच्या सगळ्या स्पीकरच्या तारा सोडवून ठेवल्या. मागे डिकीतला मोठा खोका तेवढा चालू ठेवला, जो फक्त ठेका देतो, बाकी काही नाही. आणि अबू मिस्बाहला हाक मारली, खांद्याला हात लावून.

तो बसला. डोळे मिटले, तळवा दारावर टेकवला. गाडीत नुसता धब, धब असा आवाज चालला होता, भिंतीमागे कोणी गादी झोडपावी तसा. अबू मिस्बाहने मान डोलावली. म्हणाला, "गाणारी आता बरोबर मधोमध उभी राहिली. आवाज सुरेख उघडलाय तिचा. फक्त वरचं जरा टोचतंय, दोन घरं उतरव."

सीटवाल्याने तोंडात फडकं कोंबलं. फिल्मवाला तर खालीच बसला. डोळे उघडले तेव्हा अबू मिस्बाहला तीन माणसं गदागदा हलताना दिसली, आणि त्याला वाटलं आपल्या मागे काहीतरी घडलंय, म्हणून त्याने मागे वळून बघितलं. तेव्हा तर त्यांना आवरेचना.

कुतैबा मात्र हसत नव्हता. तो दारापाशी आला, लोंबत्या तारा त्याच्या तोंडासमोर धरल्या आणि ओठ नीट दिसतील असं एकेक शब्द सुटा करून बोलला.

"अबू मिस्बाह, आत गाणारी नाहीच. सकाळीच घरी गेली ती. मला कान नाहीत ना? मग मला कसं कळलं?"

माणसाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरतं म्हणजे काय ते त्या तिघांनी त्या दिवशी बघितलं. तो गाडीतून उतरला, हत्यारं होती तशीच सोडली आणि चालत घरी गेला. बॅटरीवाल्याला नंतर वाईट वाटलं म्हणे. नंतर सगळ्यांनाच वाटतं, त्याला काय लागतं.

आठवडाभर तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. मग एके दिवशी आपणच उठला आणि शहलाला म्हणाला, चल, कुठे न्यायचं ते ने. आता लपवायचं काय राहिलं होतं? कानांच्या डॉक्टरने तपासलं, साचा घेतला, आणि दहा दिवसांनी दोन्ही कानांत मशीन बसवून दिलं. दवाखान्याच्या जिन्यावर तो थबकला. पायाखाली वाळूचे कण कर्र वाजत होते. त्याने पाय पुन्हा घासून बघितला. गाडीत बसल्यावर शहला हळू आवाजात म्हणाली, "बाबा, ऐकू येतंय?" आणि तो रडायलाच लागला. मुलीचा आवाज घोगरा झाला होता. सहा वर्षं ओरडून ओरडून तिचा गळा बसला होता, आणि हे त्याला आज कळत होतं. ती म्हणाली, असू दे, आता हळू बोलेन, सुधारेल. त्या दिवसापासून ती कामावरून आली की दोघं स्वयंपाकघरात बसून तास तास बोलत. काहीबाही बोलत, मसूर महागली, वरची म्हातारी पडली. दुकान गेलं, नाव गेलं, त्याचं त्याला सुतक उरलं नव्हतं. तो शहलाला म्हणाला, हे एवढं राहिलं तरी पुरे मला.

इकडे बयादरमध्ये वेगळीच पंचाईत झाली. त्या दुपारची गोष्ट चौघांनी गल्लीबाहेर जाऊ दिली नव्हती. आपल्या गल्लीचा कान बहिरा आहे हे बाहेर फुटलं, तर गल्लीत गाड्या येणार कशाला? पण गाड्या तरीही येईनाशा झाल्या. व्यापाऱ्यांचे ड्रायव्हर दारात यायचे, अबू मिस्बाह कुठे विचारायचे, आणि नाही म्हटलं की गाडी वळवायचे. कुतैबाचं काम पहिल्याइतकंच चोख होतं, किंबहुना तेच काम होतं. पण ‘झालं’ म्हणायला कोणी नव्हतं. फिल्मवाला बसून, सीटवाला बसून. दोन महिन्यांनी सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि मग ठरलं, की जाहा न्यायची.

जाहा म्हणजे मानाची माणसं घेऊन कोणाच्या दारी मागणं मागायला जाणं. शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सात जण आले. पुढे अबू मुतीअ, कोर्टातला निवृत्त कारकून, हज करून आलेला, गल्लीतला सगळ्यांत वडील माणूस. मागे कुतैबा, मान खाली घालून. शहलाने कडू कॉफी केली. रिवाजाप्रमाणे पहिला पेला अबू मुतीअसमोर आला, आणि रिवाजाप्रमाणे त्याने तो न पिता जमिनीवर ठेवला. मागणं मान्य होईपर्यंत तो पेला उचलायचा नसतो.

अबू मिस्बाहच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सात माणसं आपल्या दारी, कुतैबाची मान खाली, आणखी काय हवं? माफी मागायला आलेत, दुसरं काय असणार. त्यांना तोंड उघडायला लावून लाज आणावी, एवढा का मी हलका आहे? स्वयंपाकघराच्या दारातून शहला हात हलवत होती, आधी ऐकून घ्या, आधी ऐकून घ्या. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं आणि हात छातीवर ठेवला.

"कॉफी प्या, अबू मुतीअ. ज्यासाठी आलात ते दिलं."

न ऐकता दिलं. यापेक्षा मोठेपणा त्या मुलखात नाही. सातही जणांनी त्याच्या घराण्याला दुवा दिली. अबू मुतीअने पेला उचलला, घोटभर प्याला, मिशा पुसल्या आणि मग काय मागितलं ते सांगितलं. अबू मिस्बाहने उद्यापासून दुकानात यावं, पूर्वीसारखं. मागच्या सीटवर बसावं, दारावर हात ठेवावा, आणि कुतैबाने खूण केली की ‘झालं’ म्हणावं. बाकी कशाला हात लावू नये. माफीचं कोणी नावही काढलं नाही.

अबू मिस्बाहने कुतैबाकडे बघितलं. कुतैबा अजून जमिनीकडेच बघत होता, पण आता ती मान शरमेने खाली होती असं वाटत नव्हतं.

"आणि ते कानातलं," अबू मुतीअ अगदी मऊ आवाजात म्हणाला. मशीनमधून एकेक अक्षर स्वच्छ आलं. "ते काढून ठेव. लोकांनी बघितलं तर सगळ्यांचं हसं होईल."

"दुकानात नाही घालणार," अबू मिस्बाह म्हणाला.

"दुकानात काय आणि घरात काय. या इमारतीत पन्नास बिऱ्हाडं. गच्चीवर दिसेल, जिन्यात दिसेल. इथून गल्ली चार पावलांवर."

"दार लावून, हाजी. मुलीशी बोलण्यापुरतं."

अबू मुतीअने रिकामा पेला खाली ठेवला. "मी तुझ्या दारची कॉफी प्यालो, अदीब. ‘दिलं’ म्हणालास. अर्धं दिलं म्हणाला नाहीस."

कागदावर सही केली असती तर वकील गाठता आला असता. इथे सात साक्षीदार होते आणि शब्द त्याचाच. मोडला असता, तर उद्या कोणी त्याच्या मयतालाही आलं नसतं, आणि शहलालाही लोकांनी बापाच्या शब्दावरून टोचून खाल्लं असतं. शहला दारातून म्हणाली, "बाबा, नका." घोगऱ्या, हळू आवाजात म्हणाली. ते त्याला ऐकू आलं.

त्याने आधी उजवं काढलं, मग डावं. दोन्ही तळहातावर ठेवून जरा वेळ बघत बसला. मग खिशात टाकली. खोली दूर गेली. पेले फिरत होते, माणसं खजूर खात होती, ओठ हलत होते. अबू मुतीअ त्याच्या गुडघ्यावर थोपटत होता, बैलाला थोपटावं तसा. मग कुतैबाने पहिल्यांदाच मान वर केली, हातातला पेला तोंडासमोर आडवा धरला आणि त्याआडून काहीतरी बोलला. ओठ दिसले नाहीत.

सगळे हसले. अबू मिस्बाहने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं, आणि सगळे हसताहेत असं बघून तोही हसला. कुतैबा काय बोलला ते शहलाने ऐकलं होतं. तिने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.