नंबर न पडलेले बोल्ट

मुलांनो, आजोबांचं वय झालं म्हणून जुन्नरची बंदुकांच्या कामाची शेड बंद केली, असं तुम्हाला मीच फोनवर सांगितलं होतं. ते खरं नव्हतं.

आजोबा फौजेत शस्त्रं दुरुस्त करत. निवृत्तीनंतर त्यांनी परवाना काढून हे काम धरलं. फौजेने काढून टाकलेल्या रायफली यायच्या. नळीत बारीक छिद्राची दुसरी नळी घालायची, काडतुसामागून नळी बंद करणाऱ्या दांड्याचं, म्हणजे बोल्टचं, तोंड बदलायचं, की लहान काडतुसाची सरावाची बंदूक तयार. पोलिसांत नव्याने भरती झालेली मुलं-मुली तिच्यावर नेम शिकत. प्रत्येक बोल्ट त्याच्याच बंदुकीला घासून बसवलेला असे. दुसरीला लावला तरी लागतो, पण केसभर फट राहते; काडतुसाचं बूड फुटून पितळेची किरच मागे, डोळ्याकडे उडू शकते. म्हणून चाचणी झाली की बोल्ट आपापल्या बंदुकीपुढे बाकावर ठेवत. बंदुकीचा नंबर बोल्टवर अगदी शेवटी ठोकत.

त्या खंडेनवमीला नंबर ठोकायच्या बारा बंदुका बाकावर होत्या. पूजेची तयारी करायला मी लवकर गेले. ते बोल्ट मला तसे पडलेले बघवेनात. मी ते उचलून परातीत कमळाच्या पाकळ्यांसारखे मांडले. आजोबांनी विचारलं तेव्हा म्हटलं, कुठला कुठे होता ते माझ्या लक्षात आहे. इतकी वर्षं वर्गाची हजेरी तोंडपाठ घेणाऱ्या बाईला बारा बोल्टचं काय. ते हसले. पूजेनंतर मी एकेक बोल्ट पुसून परत ठेवला.

दसऱ्यानंतर आजोबांच्या हाताखालचे मिस्त्री कामावर आले. बोल्टांवर कुंकवाचे डाग पाहून त्यांनी ते कोणी हलवले असं विचारलं. मी म्हटलं, मी, आणि जागच्या जागी ठेवलेत.

"बाईंनी लावलेत व्हय? मग मारतो नंबर," ते म्हणाले.

निमगाव साव्याची माझी एक विद्यार्थिनी पोलिसांत भरती झाली होती. तिचा अर्ज मीच भरून दिला होता. सरावात काडतुसाचं बूड फुटून तिचा उजवा डोळा गेला. तिने बोल्ट पुरता लावला नाही, असा ठपका ठेवून तिला घरी पाठवलं. ती बंदूक दुरुस्तीला आमच्याकडेच आली. मिस्त्रींनी माप लावून पाहिलं.

"बाई, ह्यो बोल्ट हिचा न्हाई."

आजोबांना सांगू नका, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी सांगितलं नाही. मीही पाच महिने गप्प राहिले.

मग एका सकाळी एसटीने निमगावला गेले. ती अंगणात कांदे निवडत होती. प्रत्येक कांद्यासाठी सगळी मान वळवत होती. तिने पाणी दिलं, घरच्यांची चौकशी केली. मग आपणहून म्हणाली, "मी बोल्ट पुरा लावला व्हता बाई. लई आठवून बघितलं. पण सगळेच न्हाई म्हणत्यात, तर नसंलही लावला."

मी तिला परातीपासून सगळं सांगितलं. ती रडली नाही. आत जाऊन वही आणि पेन घेऊन आली.

"हे लिहून द्या. खाली तारीख टाका, पुरी सही करा. तुमीच शिकवलंय."

मी लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि एक शब्द बदलून घेतला. 'नजरचूक' लिहिलं होतं, तिथे 'चूक' करायला लावलं.

संध्याकाळी आजोबांना तेच सांगितलं. मिस्त्रींना माहीत होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः जाऊन परवाना परत करून आले. मिस्त्री आता आमच्याकडे येत नाहीत.

ठपका काढून टाकावा म्हणून तिने केलेला अर्ज अजून कचेरीत पडून आहे. बोलावणं आलं की साक्षीला मी तिच्याबरोबर पुण्याला जाते. एसटीत ती आधी चढते आणि नेहमी माझ्या डावीकडे बसते. मी तिच्या उजव्या बाजूला येते, आणि त्या बाजूचं तिला दिसत नाही.