लीड्सचं दही आणि काद्रीची राख

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. बार्शीच्या शिंप्याचा मुलगा मी, अख्ख्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. वर मायक्रोबायोलॉजीत मास्टर्स, तेही लीड्सला! दही का लागतं हे मला झोपेतून उठवून विचारा...

तर २००६. माझ्या ग्रॅज्युएशन सेरेमनीसाठी बाबा आले. आई विमानाला घाबरून राहिली. बाबांसाठी मी शेअरिंगचं घर सोडून छोटा फ्लॅट घेतला होता. प्रवासात त्यांचं पोट बिघडलं, दहीभाताशिवाय काही नको. सुपरमार्केटचं योगर्ट चाखून म्हणाले, "ही तर भिंतीला भरायची लांबी!"

जुन्या घरात माझं दही वडीसारखं लागायचं. इथे तेच दूध, तेच विरजण, बॉयलरशेजारचं तसंच उबदार कपाट – थर्मामीटरसुद्धा लावला. पण रोज सकाळी दूधच!

बाबा पार उतरले. "मला परत पाठव रे. तुझा तो टोपीचा कार्यक्रम फोटोत बघीन."

ज्या माणसाने डोळे फोडून शिवणकाम करून मला शिकवलं, तोच तिथे नसणार?

जुन्या घरात माझ्यासोबत राहणाऱ्या काद्रीला फोन केला. ती एस्टोनियाची. काहीही शिजवलं की पहिला चमचा फायरप्लेसपाशी ठेवायची. 'उंदीर येतील' म्हणून मी चिडवायचो.

"निघताना त्याला चल म्हणालास?" तिने विचारलं.

"कुणाला?"

"घराच्या म्हाताऱ्याला. हल्द्यास म्हणतो आम्ही. न बोलावता गेलास तर तो मागेच राहतो, आणि घराची बरकतही."

"काद्री, मी मायक्रोबायोलॉजिस्ट आहे."

"मग लाव ना दही!"

संध्याकाळी ती मार्मालेडच्या बरणीत फायरप्लेसची राख घेऊन आली. शेगडीच्या मागे चिमूटभर टाकून तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. "आता तू बोल. तुझं मराठी ऐकायची सवय आहे त्याला."

मी लाजत म्हटलं, "या आजोबा, आपलंच घर समजा." बाबा पलंगावरून खो खो हसले... आल्यापासून पहिल्यांदाच. रात्री पुन्हा विरजण लावलं.

सकाळी उठलो तर बाबा स्वतः भात लावून दुसऱ्यांदा दहीभात कालवत होते!

"तुझा घरमालक येऊन गेला. बुटका, म्हातारा. मी रामराम केला, त्याने हसून बोटभर दही चाखलं. कोट मात्र काय होता रे! सगळा हातशिलाईचा, मशीनचा एक टाका नाही."

माझा घरमालक तिशीतला, सहा फुटी, लेदर जॅकेटवाला. आणि दाराची साखळी आतून लावलेली – मीच लावली होती.

दह्याचा नमुना लॅबमध्ये बघितला. लॅक्टोबॅसिलस, अगदी नॉर्मल.

सेरेमनीत माझं नाव पुकारायच्या आधीच बाबा टाळ्या वाजवायला लागले. आजूबाजूचे गोरेही मग वाजवू लागले.

स्पष्टीकरण? माझ्याकडे नाही, कुणाकडे असेल तर खुशाल कळवा. त्यानंतर दोन घरं बदलली, बरणी सोबत आहे. बाबा फोनवर दरवेळी विचारतात, "आजोबांना दही देतोस ना?"

"कसले आजोबा, बाबा!" असं म्हणतो मी... आणि पहिला चमचा शेगडीपाशी ठेवतो.