माणसं पाहिजेत

बहरीनच्या नईम वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते. यंदा मुलांना एक अमेरिकन कादंबरी आहे, कामासाठी मळ्यामळ्यांवर भटकणाऱ्या मजुरांची. कादंबरी छोटी, पण तिच्यामागचा काळ मुलांच्या गळी उतरवताना माझा जीव जातो. एसी गाडीतून येणाऱ्या पोरांना मंदी काय समजावणार, कप्पाळ!

त्या दुपारी बाहेर धूळ उठली होती. खिडक्या लावूनही वह्यांवर पिवळट थर बसत होता. मी सांगत होते, एकोणीसशे तीसच्या दशकात अमेरिकेत बँका बुडाल्या, पाऊस पडेना, शेतांतली माती वाऱ्याने उडून गेली. जमिनी गमावलेली माणसं पश्चिमेला कॅलिफोर्नियाकडे निघाली. तिथल्या मळ्यांच्या नावाने पत्रकं फिरत होती: माणसं पाहिजेत, भरपूर काम आहे. प्रत्यक्षात कामापेक्षा माणसंच कितीतरी जास्त जमली. दाराशी हात जितके जास्त, तितकी मजुरी कमी, आणि थकलेल्या जुन्या गड्याला हाकलणंही सोपं. गरज सरो, वैद्य मरो.

एका मुलीने विचारलं, "टीचर, व्हाय डिडन्ट समबडी टेल देम?"

"सांगितलं असेल कुणीतरी," मी म्हटलं आणि पान उलटलं.

मुलं गेल्यावर फोन बघितला. गुहागरहून धाकट्या भावाने एक जाहिरात पाठवली होती. बहरीनमध्ये प्लंबर पाहिजेत, राहणं-जेवण फुकट, व्हिसा लगेच. खाली त्याने लिहिलं होतं, 'ताय, माजा काम झाला.' कंपनी तीच, जिच्या कामगारांची बस माझा नवरा चालवतो.

नवरा हल्लीच सांगत होता की अमवाज बेटांवरच्या बांधकामाच्या जुन्या प्लंबरांचे व्हिसा रिन्यू होत नाहीयेत, आणि तरी कामगारांच्या कॅम्पात नव्या खाटा येताहेत. जुन्यांना कुणी काही बोलत नाही. बसमध्ये पूर्वी नुसता गोंगाट असायचा. आता सगळे गप्प बसून समुद्राकडे बघतात.

मी तडक फोन लावला. "येऊ नकोस. इथे जुन्यांना काढून त्यांच्या जागी स्वस्तात नवे भरताहेत."

"ताय, तू गेलीस तवा तुला कोन आडवा आला? माज्या बारीलाच बरा सुचतंय तुला!"

"अरे, उद्या तुलाही असंच काढतील."

"भाऊ वर आलेला बगवत नाय तुला, दुसरा काय!"

माझं डोकं फिरलं. "मग ये आणि भोग," म्हणून मी फोन आपटला. मग बसून रडले. दुसऱ्यांच्या मुलांना घडाघडा सांगते, आणि पाठच्या भावाला एक वाक्य पटवता आलं नाही. त्यानंतर त्याने माझा फोन उचलला नाही. निघायच्या आदल्या दिवशी फक्त तिकिटाचा फोटो पाठवला.

तो आला त्या दिवशी नवऱ्याला बस घेऊन मुहर्रकला, विमानतळावर जायचं होतं. दुपारी घरी आला तो तोंड पाडून पंख्याखाली बसला. मी चहा ठेवला आणि विचारलं, "आला का?"

"आला. अंगारा लावून, नवीन बूट घालून आलाय. माझ्या शेजारीच बसला."

"मग तोंड का असं?"

तेव्हा त्याने सांगितलं. सकाळी त्याच बसमधून त्याने जुन्या प्लंबरांना विमानतळावर सोडलं होतं. तिथेच थांबून नवी माणसं भरून घ्यायची, असा हुकूम होता. बस वळली तेव्हा जुने अजून बाहेरच उभे होते, दोरीने बांधलेले खोके पायाशी घेऊन. भावाने त्यांच्याकडे बोट दाखवलं. "भावोजी, ही आपल्याकडचीच दिसतायत. रजेवर चालली काय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"हो म्हणालो," नवरा म्हणाला. "तर त्याने काच सरकवून त्यांना हात केला."