मुलांना घरी पाठवणारी सुमनताई

फोन आला तेव्हा मी उल्हासनगरच्या बाजारात पडद्यांचं कापड बघत होते. पलीकडून ताईच्या बदलापूरच्या, शिरगावातल्या शेजारीण लोखंडेवहिनी बोलत होत्या. “शैलाताई, धावपळ करू नका, पण निघा... सुमनताई गेल्या.” दुपारचं जेवून ती आडवी झाली होती, ती उठलीच नाही. माझा चेहरा बघून सिंधी दुकानदारकाकांनी कापड बाजूला सारलं. म्हणाले, “बैठो भेण, पहले पानी पियो.” मी पाणी प्यायले, रिक्षात बसले, आणि सबंध रस्ताभर एवढंच मनात येत होतं की हिला आता कुणाची काळजी उरली नसेल ना...

सुमन माझी थोरली बहीण. आमचं बालपण अंबरनाथला गेलं. वडील कारखान्यात होते. ताई नर्स झाली आणि सरकारी दवाखान्यात तिनं उभं आयुष्य काढलं. मूलबाळ नव्हतं, भाऊजीही लवकर गेले. निवृत्तीनंतर ती माझ्याकडे बदलापूरला, मांजर्लीत राहायला येईल असं आम्ही धरूनच चाललो होतो. पण ओळखीच्या एका डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून ती केनियातल्या एका बालगृहात वर्षभरासाठी निघाली. आई तेव्हा होती. ती चिडून म्हणाली, “इथं काय पोरं कमी आहेत गं?” ताई बॅग भरत म्हणाली, “इथं तुम्ही आहात की.” आणि गेली. एका वर्षाची मग बरीच वर्षं झाली.

तिचे फोन यायचे ते अगदी घरगुती असायचे. सकाळची मक्याची पेज, पावसाच्या पाण्याची टाकी, ती आटली की गाढवावरून येणारं पाणी. पावसाळ्यानंतर एकामागोमाग एक तापानं फणफणणारी मुलं. “आज सगळ्यांची डोकी भादरली बाई, उवांनी उच्छाद मांडला होता,” असं ती हसत सांगायची. तिथली पालेभाजी मुलं तोंड वाकडं करून खायची. हिनं तिला लसणाची फोडणी द्यायला सुरुवात केली, तशी ताटं साफ होऊ लागली. मुलं तिला ‘मामा’ म्हणत. म्हणजे आई. आमच्या आईला त्याचं फार हसू यायचं.

ओटिएनो नावाच्या एका मुलाची हकिगत मात्र तिनं फोनवर सांगितली नाही. ती कायमची परत येऊन बदलापूरला राहू लागल्यावर, एका दुपारी मेथी निवडताना, आपणहून सांगितली. हा मुलगा आणि त्याची मोठी बहीण अकिन्यी आईबाप गेल्यावर बालगृहात आले होते. ओटिएनोला फिट यायची. तिथं लोकांना वाटायचं, फिट आलेल्याची लाळ लागली की आपल्यालाही हा आजार होतो. म्हणून तो पडला की आजूबाजूची माणसं लांब पळत. एक दिवस त्यांचा काका आला आणि म्हणाला, मुलीला घेऊन जातो, मुलाला नको. बहीण दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. भावाशिवाय ती हलेना. काकाही वाईट नव्हता गं, ताई म्हणाली, त्याची बायको घाबरत होती.

ताईनं औषधं पिशवीत घातली आणि दोन्ही मुलांना घेऊन काकाबरोबर त्याच्या गावी गेली. तिथंच राहिली. काकूनं ओटिएनोचं ताट वेगळं ठेवलं, अंथरूण बाहेरच्या पडवीत घातलं. ताईनं आपलंही अंथरूण पडवीत टाकलं. काही दिवसांनी सकाळी अंगणात त्याला फिट आली. शेजारीपाजारी कुंपणापाशी थांबले. ताईनं त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला हात दिला, आणि फिट थांबल्यावर तोंडावरचा फेस स्वतःच्या पदरानं पुसला. “मग मी तशीच बसून राहिले,” ती म्हणाली, “म्हटलं, बघू देत सगळ्यांना, मला काही होतंय का ते.” बऱ्याच वेळानं काकू जवळ आली. हातात पाण्याचा तांब्या होता. तिनं ओटिएनोच्या कपाळाला हात लावला, झटकन मागं घेतला, आणि पुन्हा लावला.

मुलं त्या घरीच राहिली.

मी विचारलं, “पण ताई, बालगृहात तीन वेळा जेवायला होतं, शाळा होती. त्या गरिबीत कशाला पाठवलंस?” ती मेथीच्या काड्या गोळा करत म्हणाली, “तिथं घंटा झाली की जेवायचं, शैले. घरी भूक लागली की मागता येतं.” त्यानंतर बालगृहातल्या ज्या मुलाचं म्हणून कुणी नात्याचं सापडेल त्याच्या दारी ती जात राहिली. सगळं सुरळीत झालं असं नाही. एक मुलगी हाडं वर आलेल्या अवस्थेत चालत बालगृहात परत आली होती. तिच्याबद्दल विचारलं की ताई उठून काहीतरी कामाला लागायची.

ताईसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी त्रिशरण-पंचशील म्हणून झालं, माणसं पांगू लागली आणि ताईच्या मोबाइलवर केनियाहून फोन आला. बालगृहाला आम्ही बातमी कळवली होती, तिथून कळून ओटिएनोची काकू बोलत होती. तिची भाषा मला कळेना, माझी तिला. मधूनमधून ‘मामा’ तेवढं कळत होतं. आम्ही दोघी फोन धरून रडलो. मग एका तरुणाचा आवाज आला. तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, मी ओटिएनो, माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, काकू माझ्याकडेच राहते.

आता शिरगावचा तो फ्लॅट आवरायला मी अधूनमधून जाते. ताईसाठी आम्ही चांगला सागवानी पलंग घेतला होता, पण ती त्यावर कधी झोपली नाही. फिट येणारी मुलं पलंगावरून पडतात म्हणून तिकडे खाली झोपायची, आणि त्यांच्याजवळ हीसुद्धा. ती सवय इथंही सुटली नाही. पलंग मी देऊन टाकला. भिंतीलगतची तिची गादी उचलायला मात्र हात होत नाही. परवा दमून तिच्यावर जरा पडले. बाहेर जिन्यात कुणाची तरी मुलं खेळत होती. एवढ्या खालून दाराखालच्या फटीतून त्यांची धावणारी पावलं दिसत होती. मी कितीतरी वेळ ती बघत पडून राहिले.